खालचा डावा कोपरा

ज्या वर्षी धाकट्याच्या लेकीचं लग्न ठरून मोडलं आणि चार महिन्यांनी त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मोडलं का आणि जुळलं कसं, हे दोन्ही घरांत आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. मुलाची आई म्हणे रुसली होती. मग म्हणे तिचा रुसवा आपोआप गेला. तेवढ्यात पत्रिका मात्र दोनदा छापून झाल्या होत्या. पहिल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर धाकटा पुढे सामानाच्या याद्या लिहायचा आणि म्हणायचा, "एवढा मजबूत कागद वाया कसा घालवायचा?"

त्याच वर्षी उन्हाळ्यात कारखान्यात नवा टॅबलेट आला.

कारखाना कसला, तर दणकट लॅपटॉप आणि टॅबलेट बनवण्याचा. घरात मांडीवर ठेवून सिनेमा बघायचे ते हे नव्हेत. खाणीत, बंदरात, आगीच्या बंबावर, पाण्याच्या टाक्यांवर काम करणारी माणसं जे वापरतात, ते. कारखान्याच्या मागच्या अंगाला चाचणीची एक लांबट खोली होती आणि त्या खोलीत सव्वीस वर्षं एकच माणूस काम करत होता. त्याला सगळे पाडेकाका म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं. त्यांचं काम पाडण्याचं होतं, म्हणून पाडेकाका. पगाराच्या दिवशी खऱ्या नावाने हाक मारली की ते स्वतःच इकडेतिकडे बघत.

पाडण्याचं काम वाटतं तेवढं सोपं नसतं. टॅबलेटला सहा बाजू असतात, बारा कडा असतात आणि आठ कोपरे असतात. सगळे मिळून सव्वीस. प्रत्येक अंगावर एकदा, चार फुटांवरून, काँक्रीटवर ठेवलेल्या जाड लाकडी फळीवर पाडायचं. यंत्राच्या चिमट्यात नग धरायचा, कोन लावायचा, खटका दाबायचा. पडला की उचलायचा, चालू होतो का बघायचं, काच तपासायची, झाकणं उघडमीट करायची, मग पुढचं अंग. कोन चुकला तर कोपऱ्याऐवजी कड आपटते आणि नग चाचणीत फुकटचा उतरतो. पाडेकाकांचा कोन चुकत नसे. नुसत्या आवाजावरून आत काय सुटलं ते ते सांगत.

शेजारच्या कपाटात धुळीची चाचणी होई. धूळ म्हणजे अंगाला लावायची बारीक पावडर, ती पंख्याने आत उडवायची आणि आठ तासांनी नग उघडून आत कण शिरला का बघायचं. त्या दिवशी काका घरी पांढरे होऊन जात. काकी दारातच म्हणे, "या. आज पुन्हा बाळंतपणाच्या खोलीतून आलात वाटतं." मूलबाळ नसलेल्या घरात असा विनोद तिनेच करावा. त्यावर दोघंही हसत आणि विषय तिथेच राही.

आता धाकट्याचं सांगायला हवं. काकांचा हा सख्खा भाऊ, सात वर्षांनी लहान. लहानपणी कशावरही चढायचा, म्हणून आई त्याला माकड म्हणायची. मोठेपणी त्याने त्याचाच धंदा केला. बंदरातल्या मोठ्या क्रेनवर चढायचं आणि बोल्ट, दोर, सांधे, तडे तपासून नोंद करायची, हे त्याचं काम. पूर्वी ही नोंद कागदावर होई आणि वाऱ्याने अर्धे कागद समुद्रात जात. मग लॅपटॉप आला. मग टॅबलेट.

तो लॅपटॉप धाकट्याने बंदराने मोडीत काढला तेव्हा मागून घेतला होता. धातूचं झाकण, कीबोर्डवर पाणी सांडलं तर खालून निघून जायला वाट आणि तळाला सहा स्क्रू. सहा स्क्रू काढले की सगळं समोर: मेमरी, डिस्क, पंखा, बॅटरी. काकांनी तीनदा त्याची मेमरी वाढवली, फिरणारी डिस्क काढून बिनआवाजाची बसवली, दोनदा बॅटरी बदलली, एकदा बिजागरी. पुतणी त्यावरच शिकली, त्यावरच तिने नोकरीचे अर्ज लिहिले आणि आता लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं ती यादीही त्यावरच चालली होती. धाकटा म्हणे, "या घरात तीन पिढ्या आहेत. आम्ही, पोरगी आणि हा."

टॅबलेट त्यानंतरचा. सात वर्षांचा. जाडजूड, कडेला पकड, उन्हात दिसणारी काच, हातमोजे घालूनही चालणारा. बॅटऱ्या दोन, एक काढली तरी दुसरीवर चालू राहणारा. प्रत्येक भोकाला रबराचं झाकण. तो याच कारखान्यात बनला होता आणि याच खोलीत काकांच्या हातून पडून गेला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी धाकटा तो घेऊन काकांकडे येई. काका तो उघडत, रबरं पुसत, ढिली झालेली बदलत, पेच आवळत. धाकटा चहा पीत समोर बसे आणि बंदरातल्या गोष्टी सांगे. दोन भावांचं बोलणं असं त्या टॅबलेटच्या निमित्ताने व्हायचं. निमित्त नसतं तर दोघंही मुखदुर्बळ, महिनोन् महिने न बोलता गेले असते.

नवा टॅबलेट चाचणीला आला तेव्हा काकांनी तो आधी नुसता हातावर तोलला. निम्म्या वजनाचा. काच झकास, ओल्या बोटाने चालणारी. कॅमेरा चांगला. वेग तर विचारू नका. पण त्याला पाठीला झाकणच नव्हतं. बॅटरी आत चिकटवलेली. मेमरी बोर्डावर डाख देऊन कायमची बसवलेली. काकांनी साहेबांना विचारलं की याची मेमरी वाढवायची तर कुठून. हे साहेब तरुण, सभ्य, काकांना काका म्हणणारे. त्यांनी सांगितलं की आता कुणी वाढवत नाही, लोक नवा घेतात. बॅटरी गेली तर? तेव्हाही नवा घेतात. काका म्हणाले, "म्हणजे जन्माला आला तसाच मरायचा." साहेब हसले, पण त्यांना विनोद कळला होता असं नाही.

मग पाडणं सुरू झालं. काकांची पद्धत ठरलेली: एकच नग, सव्वीस वेळा. आधी बाजू, मग कडा, शेवटी कोपरे. पहिला नग एकविसाव्यापर्यंत नीट उतरला. बावीस म्हणजे खालचा डावा कोपरा. तो आपटला आणि काकांनी उचलण्याआधीच मान हलवली. आवाज पोकळ आला होता. काच कोपऱ्यापासून वर सुरीने कापावी तशी गेली होती. दुसरा नग घेतला, बाविसाव्याला तीच गत. तिसरा, तीच. चौथा मात्र सव्वीसच्या सव्वीस उतरला, जसं काही झालंच नाही. काकांना त्याचाच जास्त राग आला. चारही फुटले असते तर भांडायला सोपं गेलं असतं.

कारण त्यांना लगेच दिसलं. बॅटरी पातळ करून पसरवली होती आणि ती त्या कोपऱ्याजवळ इतकी येऊन टेकली होती की आत रबराच्या गादीला जागाच उरली नव्हती. त्यात दोरी बांधायची कडीही नेमकी त्याच कोपऱ्यात ओवलेली.

साहेबांनी नियमाचं पुस्तक आणलं. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की सव्वीस पाडण्या पाच नगांमध्ये वाटून घेता येतात. म्हणजे एका नगाच्या वाट्याला पाच, फार तर सहा. काकांना हा नियम ठाऊक होता. सव्वीस वर्षं त्यांनी तो वापरला नव्हता, एवढंच.

"क्रेनवर चढणारा माणूस पाच टॅबलेट घेऊन चढत नाही, साहेब," काका म्हणाले.

साहेबांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मला कळतं, काका. पण घेणाऱ्याने नियमाप्रमाणे मागितलाय आणि आपण नियमाप्रमाणे देतोय. साचा बदलायला वर्ष लागेल. तोवर ही खोलीच राहणार नाही."

ते धमकी देत नव्हते. खरं तेच सांगत होते. काकांची निवृत्ती मार्चमध्ये होती आणि त्यांच्यामागे पाडायचं काम बाहेरच्या कुणाला द्यायचं ठरलं होतं. काकांनी चाचणीच्या कागदावर पंधरा दिवस सही केली नाही. शेऱ्याच्या रकान्यात कोपऱ्याबद्दल चार ओळी लिहिल्या. कागद वर गेला आणि रकाना कोरा होऊन परत आला. पाच नगांवर पुन्हा चाचणी झाली. पाचही उतरले. कागदावर लिहिलं होतं, 'सव्वीस पाडण्या, नग पाच, नियमाप्रमाणे पूर्ण.' त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. जुलैच्या शेवटी काकांनी सही केली.

सही केल्याच्या पुढच्या रविवारी धाकटा आला आणि चहाचा पहिला घोट घेता घेता म्हणाला की बंदराने साठ नवे टॅबलेट मागवलेत, जुने महिनाभरात जमा करायचेत. कुठले मागवले, ते सांगायची गरज नव्हती. काकांच्या हातातला स्क्रू टेबलाखाली गेला आणि तो शोधायच्या निमित्ताने ते बराच वेळ खाली वाकून राहिले.

मग त्यांनी जुन्याला वाचवायचं मनावर घेतलं. जुना वाचला तर धाकटा जुनाच घेऊन चढेल, एवढं साधं गणित. कारखान्याच्या भंगारातून दुप्पट मेमरी काढली, ती बसवली. मोठी डिस्क बसवली. सगळी रबरं नवी. दोन्ही बॅटऱ्या नव्या. जुना टॅबलेट असा पळायला लागला की धाकटा म्हणाला, "हा तर माझ्यापेक्षा तरुण झाला." पण बंदराचं नवं सॉफ्टवेअर त्याच्यावर चढेना. त्या सॉफ्टवेअरला बोर्डावर कुलपाची एक चिप लागत होती. जुन्या बोर्डावर ती चिप नव्हती आणि ती लावायला जागाही नव्हती. काकांनी तीन रविवार घालवले. एका रविवारी तर बोर्ड उघडा ठेवून नुसते त्याच्याकडे बघत बसले. शेवटी काकीने येऊन टेबलावरचा दिवा मालवला आणि म्हणाली की ते बघून काही उगवणार नाही.

जुना टॅबलेट जमा झाला. बंदराच्या गोदामात तो ढिगावर टाकताना त्याची बॅटरी काठोकाठ भरलेली होती, असं धाकट्याने सांगितलं. उगाच सांगितलं.

सप्टेंबरच्या मधल्या रविवारी काका स्वतः धाकट्याकडे गेले. घरात लग्नाची धांदल होती. भावजय कपड्यांच्या गठ्ठ्यांत बसलेली, पुतणी जुन्या लॅपटॉपवर पाहुण्यांची यादी लिहीत होती आणि यादीत कुणाला घ्यायचं नि कुणाला गाळायचं यावरून माय-लेकींची तणातणी चालली होती. धाकट्याने काकांना बघून हसत सांगितलं, "दादा, मुलगा बघायला तुलाच न्यायला हवा होता. चार फुटांवरून दोनतीनदा पाडला असता, तर मोडतो की टिकतो ते पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"बाबा, आता पुरे," पुतणी म्हणाली. तीही हसत होती.

काका हसले नाहीत. त्यांनी नवा टॅबलेट मागितला, उलटासुलटा केला, तो कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला. बोटाला काही कळत नाही, ते पाडल्यावरच कळतं. हा नग त्या तिघांसारखा की चौथ्यासारखा, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मग त्यांनी धाकट्याला सगळं सांगितलं: तीन नग, बाविसावी खेप, पाचांचा नियम, सही. सही सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. धाकट्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की एवढं काय, फुटला तर दुसरा देतील.

"फुटला तर दुसरा देतील, पण तू तेव्हा कुठे असशील? वरून क्रेन थांबवायचा निरोप यातूनच जातो ना?"

जात होता. त्याचा कामातला जोडीदार वरच्या टोकाला, हा मधल्या टप्प्यावर आणि खाली क्रेन चालवणारा. तिघांमध्ये निरोप टॅबलेटवरून.

"खालचा डावा कोपरा," काका म्हणाले. "एवढं ध्यानात ठेव. कशावरही पडू दे, त्याच्यावर पडू देऊ नको. आणि ही कडी वापरू नको. दोरीचा सगळा ओढा तिथेच बसतो, कोपरा आतून ढिला होईल."

उंचावर नेलेली प्रत्येक वस्तू दोरीने कमरेला बांधायची, हा बंदराचा नियम होता. काकांनी दोरी कोपऱ्याच्या कडीतून सोडवली आणि टॅबलेटच्या पाठीला हात घालायचा जो रुंद पट्टा असतो, त्याला बांधली. ओढून पाहिली. दोनदा ओढून पाहिली. पट्टा चार दाबाच्या बटणांवर बसवलेला होता. तो कारखान्यात बनत नसे, बाहेरून शिवून येई, आणि बाहेरून आलेला माल पाडेकाकांच्या खोलीत येत नसे. सव्वीस वर्षांत त्यांनी टॅबलेटची सगळी अंगं पाडली होती. पट्टा कधी ओढला नव्हता.

भावजयीने सगळं ऐकलं होतं. तिने कपड्यांतून मान वर न करता म्हटलं, "भाऊजी, त्यांना म्हणावं, टॅबलेटला जपता तेवढं स्वतःला जपा."

"तो मीच आहे आता," धाकटा म्हणाला. "तो फुटला तर मी आंधळा."

पुढचे तीन आठवडे काकांचा जीव टांगणीला लागला. रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून ते फोन करत. धाकटा चिडवायचा. सांगायचा की कोपरा बरा आहे, जेवला, झोपला. बंदरात त्याने सगळ्यांना हे सांगून ठेवलं होतं. माझा मोठा भाऊ कारखान्यात आहे, तो आतलं जाणतो, सगळ्यांनी खालचा डावा कोपरा सांभाळा. दोनचार जणांनी त्याचं बघून दोरी पट्ट्याला बांधली. धाकट्याला त्याचा अभिमान होता. माणसाला आपल्या भावाचा एवढा अभिमान असावा, हे काकांना नंतर कळलं.

त्या मंगळवारी काका पाण्याच्या चाचणीला उभे होते. चारी बाजूंनी फवारे, मध्ये नग. साहेब दारात आले आणि त्यांनी फवाऱ्याची तोटी बंद केली. सव्वीस वर्षांत चाचणी चालू असताना कुणी तोटी बंद केली नव्हती. काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओला नग तसाच ठेवून ते बाहेर आले.

काय झालं ते जोडीदाराने सांगितलं. तो वरून बघत होता आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. धाकटा वरचं काम आटपून मधल्या टप्प्यावर उतरत होता. कमरेच्या पट्ट्याला लोखंडात अडकवायचे दोन आकडे असतात. एक सोडायचा तेव्हा दुसरा अडकलेला हवा. पण त्या टप्प्यावर शिडी वळते आणि कठडा असा येतो की क्षणभर दोन्ही सोडावे लागतात. सगळेच सोडत, वर्षानुवर्षं सोडत. धाकट्याने दोन्ही सोडले, वाकला आणि टॅबलेटची कड कठड्यात अडकली. दोरीला हिसका बसला. टॅबलेटच्या पट्ट्याची बटणं सुटली, एकामागून एक. जोडीदार म्हणाला की वरपर्यंत आवाज आला, कुणी बोटं मोडावीत तसा. टॅबलेट टप्प्याच्या फळीवरून घसरत काठाकडे गेला, कोपरा पुढे करून.

"त्याने कठडा धरला असता तर काही नव्हतं," जोडीदार म्हणाला. "हात कठड्यावरच होता त्याचा. त्याने तो सोडला आणि टॅबलेटला धरायला गेला."

खाली चार फुटांवर मोटारीच्या देखभालीची लोखंडी जाळी होती. टॅबलेट त्या जाळीवर पडला आणि तिथेच राहिला. धाकटा जाळीच्या बाहेरून गेला. जाळीपासून जमीन अठ्ठावीस मीटर होती.

जोडीदाराने टॅबलेट उचलून क्रेन थांबवायचा निरोप त्याच्यावरूनच पाठवला.

काका भावजयीला भेटायला गेले ते तिसऱ्या दिवशी, घरातली गर्दी ओसरल्यावर. दोन्ही वेळच्या पत्रिकांचे गठ्ठे कपाटावर तसेच होते. काकांनी तिला सगळं सांगितलं. कडी बरोबर होती. कडी कोपऱ्यातली असली तरी धातूची होती, सुटली नसती. ती मी सोडवली. आणि कोपऱ्याचं मी सांगितलं नसतं, तर त्याने तो पडू दिला असता. पडू दिला असता तर आज घरात बसून चहा पीत असता. हे बोलताना ते रडले नाहीत. चाचणीचा अहवाल वाचावा तसं एकेक सांगत गेले.

भावजय त्यांच्याकडे बघत होती. ती काहीतरी म्हणेल, तुमचा दोष नाही असं काही, निदान शिव्या तरी घालेल, असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, "भाऊजी, हे मला सांगितलंत. पोरीला सांगू नका."

एवढंच. पुढे तिने तो विषय कधी काढला नाही आणि काकांच्या घरी ती कधी आली नाही. पुतणीचं लग्न डिसेंबरात नोंदणीच्या कचेरीत झालं, अकरा माणसांत. पत्रिका तिसऱ्यांदा छापल्या नाहीत. काका कचेरीच्या बाहेर बाकावर बसून होते. सही करायला साक्षीदार कमी पडत होता, तेव्हा मुलाची आई त्यांना बोलवायला आली. काका म्हणाले की माझी सही नको.

चौकशी दीड महिना चालली. तो टॅबलेट चौकशीसाठी आधी बंदराने ठेवून घेतला, मग काय तपासायचं ते तपासून यावं म्हणून कारखान्याकडे पाठवला, आणि कारखान्यात असं तपासणारी खोली एकच होती. साहेबांनी काकांना रजा घ्या म्हणून सांगितलं. काकांनी घेतली नाही. त्यांनी चालू करून पाहिला, चालू झाला. काच, बोट, कॅमेरा, निरोप, सगळं ठीक. धूळ नाही, पाणी नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यावर नखभर ओरखडा. शेवटची नोंद धाकट्याने लिहिली होती: वरचा टप्पा, बोल्ट अकरावा, घट्ट. काकांनी कागदावर 'चालू' लिहिलं. चौकशीने ठरवलं की टॅबलेटमध्ये दोष नव्हता. पट्ट्याची बटणं कमकुवत होती आणि दोरी ठरल्या जागी बांधलेली नव्हती. तेही खोटं नव्हतं.

काम संपल्याची चिठ्ठी चिकटून तो नग फेब्रुवारीत बंदराकडून परत आला. भंगारात जायचा होता. मार्चमध्ये काका निवृत्त होणार होते. एका दुपारी साहेब खोलीत आले तर काका तो नग यंत्राच्या चिमट्यात धरत होते. साहेब दारातच उभे राहिले, आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत.

काकांनी सहा बाजू पाडल्या. बारा कडा पाडल्या. प्रत्येक वेळी उचलून चालू करून पाहिला, रीत सोडली नाही. मग कोपरे. एकोणीस, वीस, एकवीस. बाविसाव्याला त्यांनी कोन दोनदा तपासला आणि खटका दाबला. आवाज भरीव आला. काका बघत राहिले. काच अखंड होती. त्यांनी तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस पुरे केले. मग पुन्हा तोच कोपरा लावला आणि पाडला, पुन्हा लावला आणि पाडला. किती वेळा ते साहेबांनी मोजलं नाही. शेवटी काकांचा कोन चुकू लागला, तेव्हा साहेबांनी येऊन यंत्राची कळ बंद केली.

"फुटत नाही," काका म्हणाले. "हा चौथ्यासारखा निघाला."

त्यांनी नेहमीसारखा कागद भरला. नग एक, पाडण्या सव्वीस, उतरला. शेऱ्याच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं, मग त्यांनी तो कोरा ठेवला आणि खाली सही केली. त्या खोलीतली ती त्यांची शेवटची सही.

त्यांचा धाकटा भाऊ, बंदरातला क्रेनतपासनीस, ज्या वर्षी त्याच्या लेकीचं लग्न दुसऱ्यांदा ठरलं त्या वर्षी, ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी दहाला पाच कमी असताना, एकावन्नाव्या वर्षी वारला. लग्नाला तेव्हा एकोणीस दिवस उरले होते.